पायाले इचारलं का?

विमलकाकूंनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला, तोवर आमची ओळख होऊन बरीच वर्षं लोटली होती. त्याआधी त्या माझ्या पायांशीच बोलायच्या. मी समोर जाऊन उभा राहिलो की त्यांची नजर खाली जायची, पायांवर स्थिर व्हायची आणि तिथूनच बोलणं सुरू व्हायचं. "इनोद, बरं हाये ना? उजवी टाच टेकवून नाई राह्यला तू." मी तोंडाने "एकदम मस्त" म्हणायचो. काकू पायांचं ऐकायच्या.

तळेगावच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याला लागूनच विमलकाकू पडोळे यांचं चपला-बुटांचं दुकान. मधे एक पत्र्याची भिंत, तीही वरून हातभर उघडी. त्यामुळे माझ्याकडे बोललेलं सगळं त्यांना ऐकू जातं आणि त्यांच्याकडचं मला. माझ्याकडे सातबाऱ्याची प्रत काढायला कोणी आला आणि चालताना त्याची चप्पल फटक फटक वाजली, की पलीकडून आवाज येतो, "त्याले म्हना, एक नंबर मोठी हाये तुही चप्पल." माणूस दचकून वर बघतो. मी प्रती काढत राहतो. मला सवय आहे.

काकूंचं वय पासष्टीच्या पुढे. अंगाने बारीक, आवाजाने दणकट. सुती पातळ, खांद्यावरून घट्ट ओढलेला पदर, आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, मोज्यांसकट. हे बूट मधुकरकाकांचे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे. काका गेले तेव्हा गावाला वाटलं, आता काकू दुकान देऊन टाकतील आणि आर्वीला भावाकडे राहायला जातील. मूलबाळ नाही, एकट्या बाईने इथे राहून करायचं काय? तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी शटर वर केलं, ते काकांचे बूट पायात घालूनच. नवरा-बायकोचा पायाचा नंबर एकच होता, हे गावाला त्या दिवशी कळलं.

माणसांची ओळखही त्यांना चपलांवरूनच पटते. लग्नाच्या मंडपाबाहेर चपलांचा ढीग पडलेला असतो, त्याच्याकडे एक नजर टाकून त्या आत कोण कोण आलं आहे ते सांगतात. "चला, आंधी जेवून घेऊ. आत वानखडे गुरुजी हायेत. ते बोलाले लागले तं पंगत उठन." यात कधी कधी घोटाळाही होतो. एकदा मी घाईत माझ्या भाऊजींच्या चपला घालून बाहेर पडलो, तर काकूंनी भर बसस्टँडवर माझ्या मूळव्याधीच्या ऑपरेशनची चौकशी केली. ऑपरेशन भाऊजींचं झालं होतं. पण ऐकलं ते सगळ्या बसने, आणि बसला खुलासा कोण करत बसणार?

गिऱ्हाईक दुकानात आलं, एखादा जोडा हातात घेऊन "हा आवडला" म्हणालं, की काकूंचा एक प्रश्न ठरलेला. "तुले आवडला ते ठीक हाये. पायाले इचारलं का?" मग त्या जोड्यासकट गिऱ्हाइकाला हायवेच्या पुलापर्यंत चालत पाठवतात. परत आल्यावर तोंडाकडे न बघता चाल बघतात. एका नवरदेवाला टोकदार चकचकीत बूट हवे होते. वरात निघायला आली होती, बँडवाले खोळंबले होते आणि नवरदेव पुलापर्यंत जाऊन येत होता. आल्यावर काकू म्हणाल्या, "नाई देत. अंगठा दाबून राह्यला." नवरदेवाचा मामा चिडला. म्हणाला, फोटो निघायचे आहेत. काकू म्हणाल्या, "फोटो तोंडाचे काढा. सप्तपदी पायानं चाला लागते." नवरदेवाने शेवटी रुंद तोंडाचे तपकिरी बूट घेतले. पुढे वर्षभराने तो बायकोला घेऊन आला आणि तिच्यासाठीही तसलेच मागितले.

तर अशा या काकू आमच्या गावच्या मोटरबोट शर्यतीत कशा शिरल्या, ते सांगतो.

तळेगावपासून गाडीने थोडं आत गेलं की धरणाचं बॅकवॉटर लागतं. समुद्र न पाहिलेल्या माणसाला समुद्र वाटावा इतकं पाणी. आमच्या गावचा नीलेश इंगळे काही वर्षं कोकणात पर्यटकांच्या मोटरबोटी चालवत होता. तो परत आला तो दोन जुन्या फायबरच्या बोटी आणि त्यांची इंजिनं ट्रकवर टाकून. संत्र्याच्या ट्रकमधून बोट उतरलेली पाहून लोकांनी तिला हार घातले. संक्रांतीनंतर बोटींची शर्यत घ्यायची, असं नीलेशने ठरवलं. परवानगीच्या अर्जाच्या प्रती काढायला तो माझ्याकडे आला आणि बेत सांगू लागला. लाउडस्पीकर, पाहुणे, ढाल, छापील टी-शर्ट.

पलीकडून आवाज आला, "पायात काय घालान?"

"काही नाही वो काकू," नीलेश भिंतीकडे बघून म्हणाला. "बोटीत माणूस अनवाणीच असतो."

पांढरे बूट माझ्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. "बोटीत काय काय असते?"

"पेट्रोलची टाकी, दोर, नांगर, बॅटरी."

"आन ते सारं जाग्यावर राह्यते, बोट उडत जाते तवा?"

"थोडं सरकते इकडे तिकडे."

"मंग ते कोनाच्या पायावर सरकते? तू टी-शर्ट छापून राह्यला. पायाले इचारलं का?"

नीलेश हसला. तिथे तो चुकला. दुसऱ्या दिवशी काकूंनी दुकान बंद ठेवलं आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून बोटी बघायला आल्या.

काठावर शर्यतीतले तिघेही होते. नीलेश स्वतः, हायवेवरच्या गॅरेजातला फिरोज, जो या इंजिनांची दुरुस्ती करायचा, आणि ज्योती उईके. ज्योतीचं गाव पाण्याला लागूनच. ती वडिलांबरोबर मासेमारी करायची आणि मच्छीमार सोसायटीची इंजिनाची बोट चालवायची. बारीक, काळीसावळी, कमी बोलणारी. तिच्याइतकी चांगली बोट कोणीच चालवत नाही, हे नीलेशही मान्य करायचा, फक्त तिच्यासमोर नाही.

काकू बोटीत चढल्या. तळावर हात फिरवला. "इथं ओलं असनार. इथं पेट्रोल सांडनार. इथं अंगठा फुटनार." मग तिघांच्या पायांकडे पाहिलं. नीलेशच्या तळव्यावर जुनी लांबलचक खूण होती. "हे काय?"

"कोकणात," नीलेश म्हणाला. "शिंपला."

"आन म्हने अनवानीच असतो," काकू म्हणाल्या आणि त्या क्षणापासून त्या शर्यतीच्या सेफ्टी इनचार्ज झाल्या. त्यांना कोणी नेमलं नाही. काढायची हिंमतही कोणाला झाली नाही.

त्यांचा पहिला निकाल गमबुटांच्या बाजूने होता. पाणी आत जात नाही, तळ जाड, नडगीपर्यंत पाय झाकलेला. संत्र्याच्या बागेत ओलिताला लोक तेच वापरतात. फिरोजने डोकं खाजवत विचारलं, "काकी, लेकिन ऊपरसे पाणी आत गेलं तर?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या पायांकडे. "पाहून घेऊ. इनोदले नऊ नंबर येते."

मला पोहता येतं, पण ते विहिरीतलं पोहणं. कंबरेला दोर बांधून, नवे कोरे गमबूट घालून मी बॅकवॉटरमध्ये उतरलो. दोराचं दुसरं टोक नीलेश आणि फिरोजच्या हातात. गुडघ्याच्या वर पाणी आलं तशी बुटांत धार लागली. बघता बघता माझ्या पायांना दोन भरलेल्या घागरी बांधल्यासारखं झालं. उजवा पाय उचलायला गेलो तर तो गाळात. डावा उचलायला गेलो तर मीच बसलो. पाणी गळ्याशी आलं. पाय दिसेनासे झाले, त्यामुळे काकूंनी नाइलाजाने वर पाहिलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं.

"हा इतका गोरा हाये?" त्यांनी ज्योतीला विचारलं.

"गोरे नाई काकू," ज्योती म्हणाली. "पांढरे पडले ते."

मला ओढून काढलं. एक गमबूट मात्र आजही धरणाच्या मालकीचा आहे. काठावर मी धापा टाकत पडलो होतो आणि काकू उरलेला बूट उपडा करून त्यातून किती पाणी निघतं ते बघत होत्या. "गमबूट नापास," त्या म्हणाल्या. "माहं चुकलं. जमिनीचा जोडा मी पान्यात पाठवला." मग पदराने माझं डोकं पुसलं आणि पुसता पुसताच फिरोजला म्हणाल्या, "आता लेसचे बूट पाहू."

लेसचे बूटही टिकले नाहीत. फिरोज ते घालून बोटीत उभा राहिला, लेस दोर बांधायच्या खुंटीत अडकली आणि बोट काठाला लागण्याआधीच तो काठावर आला, तोंडावर. सँडल घातली तर बोटं उघडी. नीलेशने मोबाइलवर खऱ्या शर्यतवाल्यांचे बूट दाखवले, मऊ रबराचे, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत बंद. काकूंनी तो फोटो मोठा करून करून पाहिला. बाहेरून मागवायला वेळ नव्हता. "यात जादू काई नाई," त्या म्हणाल्या. "पाय बंद पाह्यजे, लेस नाई पाह्यजे, पानी आत आलं तं बाहीर जाले वाट पाह्यजे, आन जोडा हलका पाह्यजे का पोहता आलं पाह्यजे."

पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून आरीचा टच टच आवाज येत राहिला. काकूंनी दुकानातलेच घोटा झाकणारे कॅनव्हासचे बूट घेतले, लेसच्या जागी चिकटपट्टीचे रुंद पट्टे शिवले, तळाशी दोन्ही बाजूंना गरम सळईने भोकं पाडली. मग त्यांच्या न्हाणीत साबणाचं पाणी ओतून तिघांना ते घालून उभं केलं आणि एकेकाला ढकललं. नीलेश घसरला. त्याच्या जोड्याचा तळ काढून मऊ, खाचा असलेला तळ लावला. पुन्हा साबण, पुन्हा ढकलाढकली. यावेळी कोणी घसरलं नाही. काकू स्वतः घसरल्या, पण ज्योतीने त्यांना वरच्या वर धरलं.

हेल्मेटचंही तसंच. फिरोजने मोटरसायकलचं मोठं हेल्मेट आणलं होतं, समोर काच असलेलं. नीलेश म्हणाला, कोकणात त्याला शिकवणाऱ्याने हे कधीच घालू नको म्हणून बजावलं होतं. काकूंना कारण बघायचं होतं. त्यांनी हेल्मेट पाण्याच्या ड्रममध्ये बुडवलं आणि पट्ट्याला धरून झटक्यात ओढलं. ड्रमच हलला. "बादली झाली हे," त्या म्हणाल्या. "मान राह्यन का?" फिरोजने मानेवरून हात फिरवला आणि हेल्मेट गपचूप आपल्या गाडीला अडकवलं. नीलेशने ओळखीवर कोकणातून हलकी, उघड्या तोंडाची, कानाशी भोकं असलेली हेल्मेटं मागवली.

सगळ्यात जास्त आवडली ती काकूंना इंजिनाची लाल दोरी. तिचं एक टोक इंजिनाच्या बटनात अडकवायचं आणि दुसरं चालवणाऱ्याच्या अंगाला. माणूस फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद. तिघंही ती लावायला कंटाळायचे, कारण जरा वाकलं की इंजिन बंद पडायचं. काकूंनी ती हातात घेऊन पुन्हा पुन्हा ताणून पाहिली. "म्हंजे आईसारखी हाये हे. पोरगं पडलं का हातातलं काम सोडते." त्यांनी तिघांनाही ती पायालाच बांधायला लावली. दुसरीकडे कुठे बांधता येईल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

अडलं ते ज्योतीच्या जाकिटावर.

सोसायटीकडे तरंगायची नारिंगी जाकिटं होती. नीलेशने घातलं, फिरोजने घातलं. ज्योतीने हातात घेऊन परत ठेवलं. "मले नाई लागत. मी पान्यातच वाढली."

"डोक्याले मार लागून बेसुद झाली तं पोहन कोन?" काकू म्हणाल्या.

"नाई लागत मार."

"मंग शर्यतीत नाई तू."

ज्योतीने काकूंकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि सायकल काढून निघून गेली. नीलेश हबकला. तिच्याशिवाय शर्यतीत राहिलं काय? तो आणि फिरोज, आणि त्या दोघांची शर्यत तर गावाने रोजच पाहिली होती. "काकू, तिला सूट द्या ना," तो म्हणाला. काकूंनी ज्योतीने ठेवलेलं जाकीट उचलून पिशवीत टाकलं. परत येताना स्कूटरवर त्या गप्प होत्या. काकू गप्प असल्या की मला स्कूटरच्या इंजिनातला बिघाड ऐकू येतो, तसा तो आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून आवाज आला. "इनोद, गाडी काढ. ते जाकीट मी घालून पाह्यलं."

"मग?"

"माह्या कानापर्यंत येते. मापच गड्याचं हाये. ते पोट्टी हेकट नाई. तिले ते होत नाई, आन चार गड्यांसमोर सांगाची लाज वाटली."

आम्ही ज्योतीच्या गावी गेलो. ती अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती, जवळ तिची आई. काकूंनी पिशवीतून जाकीट, सुई-दोरा, पट्टे आणि टेप काढला. "उभी राह्य," म्हणाल्या. ज्योती उभी राहिली नाही. तिची आई तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलली आणि ज्योतीला हसू आवरेना.

"काय म्हनते?"

"आई म्हनते, हे बाई जाकीट घेऊन आली का सोयरीक घेऊन?"

"तिले सांग," काकू म्हणाल्या, "सोयरिकीतही मी आंधी मापच घेईन."

मग ज्योती उभी राहिली. काकूंनी जाकीट दोन्ही बाजूंनी आत घेतलं, खांद्यांना टाके घातले, आणि ते वर सरकू नये म्हणून खालून पायांमधून जाणारा एक पट्टा जोडला. पोटातला फोम कुठे फाटू दिला नाही. हे सगळं अंगणात, कोंबड्यांच्या मधोमध. शेवटी त्यांनी जाकीट खांद्यांना धरून वर ओढून पाहिलं. ते हललं नाही, ज्योतीच वर उचलली गेली. ती पाण्याकडे पळाली, जाकिटासकट उडी मारली आणि पाठीवर तरंगत राहिली, हात न हलवता. बराच वेळ. बाहेर येऊन म्हणाली, "झोप येते याच्यात." जाकीट चांगलं असल्याची इतकी मोठी पावती मी तरी कुठे ऐकली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी काठावर जत्रा उसळली. चिवड्याची दुकानं, संत्र्यांच्या राशी, लाउडस्पीकर. उद्घाटनाला आलेले पाहुणे कडक इस्त्रीचा कुर्ता आणि नव्या जरीच्या मोजड्या घालून आले होते. बोटीत उभं राहून झेंडा दाखवायचा, असं ठरलं होतं. काकू बोटीच्या तोंडाशी उभ्या.

"साहेब, जोडे बदला."

"अहो बाई, दोनच मिनिटांचं काम आहे."

"पडाले दोन मिनिटं लागत नाई."

कार्यकर्ते पुढे झाले. काकूंनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि ते मागे झाले, कारण त्यातल्या बहुतेकांना जोडे काकूंनीच दिले होते. शेवटी पाहुण्यांनी कुर्त्याखाली पट्ट्यांचे कॅनव्हास घातले, वरून नारिंगी जाकीट घातलं आणि झेंडा दाखवला. तो फोटो पेपरात आला. घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाहुण्यांचा आजवरचा सर्वांत चांगला फोटो तोच.

शर्यत म्हणजे रंगवलेल्या दोन ड्रमना तीन फेऱ्या. पहिल्या फेरीपासूनच ज्योती पुढे, मागे नीलेश, त्यामागे फिरोज. पाणी असं फाटत होतं की काठावरची म्हातारी माणसंसुद्धा उभी राहिली. शेवटच्या फेरीत लांबच्या ड्रमपाशी फिरोजने वळण फार जवळून घेतलं. पुढच्या दोन बोटींनी उठवलेल्या लाटेवर त्याची बोट आदळली, एका बाजूने उचलली गेली, आणि आम्हाला दिसलं ते एवढंच की बोटीत फिरोज नाही.

लाउडस्पीकरवाला माइक टाकून पाण्याकडे धावला. फिरोजच्या बोटीचं इंजिन त्याच क्षणी बंद पडलं होतं. ती निमूट डुलत उभी राहिली. मग तिच्या बाजूला एक नारिंगी ठिपका वर आला. ज्योतीची बोट शेवटच्या रेषेकडे निघाली होती, मागे पाहताच तिने ती गर्रकन फिरवली. फिरोजपासून दूरवरच इंजिन थांबवलं, दोर फेकला आणि त्याला वर घेतलं. इकडे नीलेशला वाटलं ज्योतीची बोट बिघडली, मागचं त्याला काहीच माहीत नव्हतं. तो एकटाच रेषा ओलांडून आला, दोन्ही हात वर केले, आणि सगळा गाव आपल्याकडे पाठ करून का उभा आहे हे त्याला कळेना.

ज्योतीची बोट काठाला लागली. सोसायटीचे लोक धावले. त्यांच्यातून वाट काढत काकू पुढे गेल्या.

"जोडे हायेत का पायात?"

"दोनो हैं, काकी," फिरोज म्हणाला. त्याचे दात वाजत होते, पण हसत होता. "एकही नाही निघाला."

काकूंनी त्याचे पाय चाचपले. मग घोटे, मग गुडघे. मग त्या तिथेच वाळूत बसल्या. फिरोज घाबरून म्हणाला, "काकी, मला काही झालं नाही."

"मले झालं ना," काकू म्हणाल्या. ज्योती त्यांच्या शेजारी जाऊन बसली, अंगातून पाणी निथळत असतानाच.

ढाल नियमाप्रमाणे नीलेशला मिळाली. त्याने ती ज्योतीला द्यायचा फार आग्रह केला. ती म्हणाली, पुढच्या वर्षी घेईन, सरळ मार्गाने.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. बोटी काठावर आल्या, इंजिनं ताडपत्रीत गेली. पण शर्यतीच्या जोड्यांना देखरेख लागते, असं काकूंनी जाहीर केलं. रबर वाळते, टाके सैल होतात, बुरशी धरते. "दर आयतवारी आनून दाखवत जाजो," त्यांनी तिघांना बजावलं. तिघे येऊ लागले. रविवारी संध्याकाळी काकूंच्या दुकानामागच्या खोलीत तीन जोड्यांची तपासणी व्हायची आणि त्यासाठी चहा व्हायचा. मग चहाचा झुणका-भाकर झाला. नीलेश कोकणातल्या गोष्टी सांगायचा, फिरोज इंजिनांच्या तक्रारी, ज्योती कमीच बोलायची, पण उशिरापर्यंत बसायची. पत्र्याच्या भिंतीवरून फोडणीचा वास माझ्याकडे यायचा आणि थोड्या दिवसांनी मीही तिकडे जायला लागलो. मधुकरकाका गेल्यापासून रविवारी भिंतीपलीकडून आवाज कधी आला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

उन्हाळा आला. पाणी पार आटलं. बोटी चिखलात कलंडल्या. जोडे कपाटातून बाहेर पडायचं काही कारणच उरलं नाही, तरी रविवारची तपासणी चालूच. मला गंमत वाटायची. न वापरलेल्या जोड्यात दर आठवड्याला काय बिघडत असेल?

एका रविवारी मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. ज्योती सायकलवरून आली, मला तिने पाहिलं नाही. सायकल लावली, पिशवीतून जोडा काढला, आणि बाजूला वळून खिशातल्या जाळं कापायच्या सुरीने पट्ट्याचे टाके कापले. मग आत जाऊन म्हणाली, "काकू, पट्टा निघून राह्यला पाहा."

"आनला ते बरं केलं," काकू म्हणाल्या आणि चष्मा लावून, आरी घेऊन बसल्या. "आत भाजी ठेवली हाये. जरा हालवजो."

ज्योती आत गेली. मी काकूंजवळ जाऊन बसलो. हळूच म्हणालो, "काकू, एक सांगू? तो पट्टा..."

"कापला हाये," काकू दोऱ्याला मेण लावत म्हणाल्या. "तुटलेला टाका केसाळ राह्यते, कापलेला सरळ. मले दिसत नाई का? मांगच्या आयतवारी फिरोजनं तळ उचकला होता, पेचकसानं. नीलेशचं तं कामच वाईट, त्यानं चांगलं रबर फाडलं."

"मग बोलत का नाही तुम्ही त्यांना?"

काकूंनी मान वर केली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "त्यायले वाटते मले समजत नाई. वाटू दे."

त्यांचे हात चालू होते. पट्टा जवळजवळ बसला होता, शेवटची गाठ तेवढी राहिली होती. आतून ज्योती पळीचा आवाज करत भाजी हलवत होती आणि तिच्या आईने नवीन कोंबड्या घेतल्याचं मोठ्याने सांगत होती. एरवी न बोलणारी ती मुलगी, ओट्याशी उभी राहिली की तिला बोलायला सुचायचं.

"काकू, झालं का वो?" तिने आतून विचारलं.

"नाई व," काकू म्हणाल्या. "येळ लागते याले. तू सांग, कोंबड्यायचं काय झालं मंग?"

आणि त्यांनी आरीचं टोक घालून नुकतेच घातलेले टाके एकेक करून उसवले, पट्टा मोकळा केला, आणि पुन्हा पहिल्या टाक्यापासून शिवायला घेतला.